चौक नकाशावर बसवायची सोपी रीत

अभिनंदन! बेळगाव जिल्ह्यातले सगळे चौक, कोपरे आणि तिठे नकाशावर बसवायचं काम तुम्हाला मिळालंय. याला जिओकोडिंग म्हणतात. कुणी 108 किंवा 112 ला फोन करून "हा रस्ता त्या रस्त्याला मिळतो तिथं या" म्हणाला, की कॉम्प्युटरनं त्या जागेचे अक्षांश-रेखांश काढायचे आणि गाडी तिकडं सुटायची. घाबरायचं काही कारण नाही. गाडी तुम्हाला चालवायची नाही आणि फोन करणारा तुमच्या नात्यातला नाही.

सुरुवातीलाच ठरवून टाका, एका चौकाला एकच नाव. बोगारवेस म्हणजे धर्मवीर संभाजी चौक आणि गोवावेस म्हणजे बसवेश्वर सर्कल हे बेळगावात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, मग टेबलात लिहून काय उपयोग? बोलीतल्या नावांसाठी वेगळा रकाना ठेवायचा म्हणजे तो भरायला माणूस हिंडवा, त्याला पेट्रोल द्या, चहा द्या. एका चौकाचं पाटीवरचं नाव आलं आणि दुसऱ्याचं बोलीतलंच राहिलं तरी बिघडत नाही. यादीतून गोवावेस गेलं आणि बोगारवेस राहिलं, तर मशीन जवळचं स्पेलिंग शोधून बोगारवेसवर पिन टोचून मोकळं होतं. शेपूट जुळलं ना? मधे रेल्वेलाइन येते, एवढंच.

नाव एक आणि जागा अनेक, ही दुसरी कटकट. खडेबाजार शहरात आहे आणि शहापुरातही आहे. मारुती गल्लीचं तर बोलूच नका. शहरात आहे, अनगोळात आहे, हिंडलग्यात आहे, आणि ज्या गावात मारुती आहे तिथं गल्ली असणारच. अशा वेळी मशीन दोन-चार उत्तरं पुढं करतं. ती ऑपरेटरला दाखवू नका, बिचारा गोंधळेल. पहिलं उत्तर घ्या, बाकीची लपवा. मग रात्री दोनला असा छान संवाद होतो:

"कुठून बोलताय?"

"मारुती गल्लीतनं. बाबांच्या छातीत दुखाय लागलंय, लवकर या की ओ."

"जवळची खूण सांगा."

"देऊळ हाय की."

"कुठलं देऊळ?"

"मारुतीचं ओ!"

स्क्रीनवर एकच मारुती गल्ली असल्यामुळं ऑपरेटर समाधानानं "गाडी निघाली" म्हणतो. तिन्ही नावं दिसली असती तर त्यानं "अनगोळची का हिंडलग्याची?" असं विचारलं असतं आणि उगाच पाच सेकंद गेले असते.

गावाचा रकाना रिकामा सोडला तर आणखी मजा. टिळकवाडीतल्या मंगळवार पेठेला आणि शुक्रवार पेठेला पुण्यात जुळ्या बहिणी आहेत. शहापूर म्हणून यादगीर जिल्ह्यात तालुका आहे, ठाणे जिल्ह्यातही आहे. खानापूर सांगलीकडंही आहे. आणि शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावी झालं, तेव्हा आधीच्या नोंदी बेळगावच्या, नंतरच्या बेळगावीच्या. त्या जोडायच्या भानगडीत पडू नका. दोन शहरं राहू द्या. या विषयावर आपल्याकडं आधीच भरपूर बोलून झालंय.

रस्त्यांची नावंही आपल्या मदतीला धावून येतात. बेळगावात ज्याला खानापूर रोड म्हणतात, त्याच रस्त्याला खानापुरात बेळगाव रोड म्हणतात. माणूस निघालेल्या गावाचं नाव घेत नाही, पोचायच्या गावाचं घेतो. मशीनला हे दोन वेगळे रस्ते वाटतात, त्यामुळं कोपरे आपोआप दुप्पट होतात आणि तुमच्या महिन्याच्या रिपोर्टातला आकडा फुगतो. क्रॉसचंही तसंच. भाग्यनगरचा पाचवा क्रॉस ही अख्खी गल्ली आहे, आरपीडी क्रॉस हा चौक आहे. मशीनला विचाराल तर दोन्ही फुल्याच. गल्लीच्या ऐन मध्यावर एक ठिपका ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांच्या लोकांवर सारखाच अन्याय होईल.

आता थोडी भूमिती. दुभाजकवाले दोन रस्ते एकमेकांना छेदतात तेव्हा नकाशावर चार बिंदू पडतात. चारांची सरासरी काढा आणि ती कुठल्या बाजूला पडली याची पर्वा करू नका. ड्रायव्हरला पेशंट समोर दिसतो, मधे लोखंडी कठडा असतो, आणि यू-टर्न बराच पुढं. रेल्वे ओव्हरब्रिजवरचा रस्ता आणि पुलाखालचा रस्ता यांच्या रेघाही कागदावर एकमेकींना छेदतात, तर तिथंही एक चौक बसवा. कुणी विचारलं तर लिफ्ट प्रस्तावित आहे म्हणून सांगा.

काहीच सापडलं नाही तर? पिन शहराच्या मध्यबिंदूवर टाका आणि पुढं हिरवी खूण करा. "अंदाजे" असा शेरा मुळीच नको; शेरा दिसला की ऑपरेटर पुन्हा प्रश्न विचारतो. आकड्यांत मात्र जरा लक्ष असू द्या. बेळगाव साधारण 15.85 उत्तर आणि 74.50 पूर्व. 15 अंश 51 मिनिटं हे 15.51 असं लिहिलंत, तर गाडी 35-40 किलोमीटर दक्षिणेला जाते, म्हणजे निदान जमिनीवर तरी राहते. दोन रकान्यांची अदलाबदल केलीत, तर ती नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात. तिथं खड्डे नाहीत, हीच काय ती सोय.

सीमेवर फारच सोपं. नकाशा राज्याच्या हद्दीवर कात्रीनं कापा. बाची कर्नाटकात, लागूनच शिनोळी महाराष्ट्रात. 108 हा आकडा दोन्हीकडं तोच. इकडं 2008 पासून, तिकडं 2014 पासून, पण यंत्रणा दोन, नकाशे दोन. बाचीतल्या मोबाईलनं पलीकडचा टॉवर पकडला, तर फोन महाराष्ट्राच्या 108 केंद्रात, म्हणजे पुण्याला जाणार, आणि पुण्याच्या कापलेल्या नकाशात बाची कुठून असणार? सीमाप्रश्न कोर्टात पडून आहे, तुम्ही कशाला हात घालताय.

पोस्टानं 2025 मध्ये डिजिपिन आणलाय. साधारण चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा एक कोड. उत्तम सोय आहे. रात्री दोनला, बाबांना पाठीशी धरून बसलेल्या माणसानं तो तोंडपाठ म्हणावा, अशी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

एवढं सगळं करूनही गाडी बहुतेक वेळा दारात पोचते, हे बघून गोंधळू नका. ड्रायव्हर मधल्या वाटेवरून फोन करतो, "नेमकं कुठं यायचं?" मग घरातलं एक पोरगं मोबाईलचा टॉर्च लावून बनियनवरच कोपऱ्यावर पळतं, पानपट्टीवाल्याच्या बंद खोक्यापुढं उभं राहून हात हलवतं आणि गाडीपुढं धावत गल्ली दाखवतं. त्या पोराचे अक्षांश-रेखांश तुमच्या टेबलात बसत नाहीत, तेव्हा रिपोर्टात त्याचा उल्लेख नको. "पत्ता अचूक सापडला" या रकान्यात "होय" लिहा आणि पुढच्या टप्प्याचं बिल लावा.