पेटी तरी कुठे आपली होती, दादा?

दिवाळी पाडव्याच्या पहाटे सांगलीत गाण्याचा एक कार्यक्रम झाला. एका तरुण गायकाने तुकोबांचा अभंग गाताना मागे सिंथेसायझरचा लांबलचक सूर धरला आणि पखवाजाच्या जोडीला लॅपटॉपमधला ठेका सोडला. त्याची क्लिप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि फराळ व्हायच्या आत भांडण पेटलं. दादाने लिहिलं, "अभंगाला यंत्र चालत नाही. हे बाहेरचं खूळ आहे." काकांनी री ओढली. भाच्याने दुसरं टोक गाठलं: जगात जायचं असेल तर टाळ-पखवाज सोडायला हवेत, आणि जमलं तर मराठीसुद्धा. मग दादाने शेवटचा घाव माझ्यावर घातला. "आत्याला विचार. ती तिकडे मशीनवरच गाते."

मी उत्तर दिलं नाही. तीन आठवडे झाले, सकाळी ट्राममध्ये बसले की तेच वाक्य पुढ्यात येतं. म्हणून हे लिहिते आहे, दादासाठी आणि भाच्यासाठीही, कारण दोघे चुकताहेत आणि एकाच जागी चुकताहेत.

मी अठरा वर्षं जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये राहते. हाउप्टबानहोफपासून, म्हणजे मुख्य रेल्वे स्थानकापासून, चालत पाच मिनिटांवर मिंट्रॉपश्ट्रासे आहे. त्या रस्त्यावर १६ नंबरच्या इमारतीत तीसहून जास्त वर्षं क्राफ्टवेर्क नावाच्या मंडळींचा स्टुडिओ होता. क्राफ्टवेर्क म्हणजे वीजकेंद्र. राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर इथल्याच संगीत विद्यालयातले विद्यार्थी, १९७० साली दोघांनी मिळून हे नाव घेतलं. मी त्या दारासमोरून पहिली चार वर्षं काहीही माहीत नसताना भाजीच्या पिशव्या घेऊन गेले आहे.

मला त्यांचं संगीत ऐकवलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. आम्ही ए-४६ या महामार्गावरून एकाच गाडीतून वुपरटाल गावी जात असू. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात त्याने मला घरी बोलावलं आणि १९७४ साली आलेली 'आउटोबान'ची, म्हणजे 'महामार्गा'ची, तबकडी लावली. आधी गाडीचं दार लागल्याचा आवाज. मग इंजिन सुरू झालं, हॉर्न वाजला. मग व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून आलेला एक आवाज, माणसाचा म्हणावा तर तारेतून आल्यासारखा, फक्त शीर्षकाचा शब्द म्हणाला. त्यानंतर गाडी निघाली ती निघालीच. एका बाजूवर एकच गाणं, बावीस मिनिटांहून जास्त. शब्द म्हणाल तर शाळेतल्या निबंधासारखे: आम्ही चाललोय, चाललोय, आउटोबानवरून चाललोय, समोर रुंद दरी, ऊन पडलंय, रस्ता राखाडी पट्ट्यासारखा. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हे काय बालिश आहे. दहाव्या मिनिटाला घड्याळ बघायचं थांबले. ध्रुपद पुन्हा पुन्हा येऊन चालीत मुरतं आणि मग पायच ते म्हणू लागतात, हे ज्याने दिंडीत चार कोस काढलेत त्याला कळेल. दादा, तू तर तीन वेळा वारी केली आहेस.

याआधीच्या तीन अल्बममध्ये हे लोक बासरी, ऑर्गन, व्हायोलिन वाजवत होते. श्नायडरचं मुख्य वाद्य बासरीच होतं. लांबलांब बिनशब्दाचं वादन, सूर कुठून कुठे जाईल याचा नेम नाही. 'आउटोबान'मध्ये मिनिमूग नावाचा सिंथेसायझर पुढे आला, आणि उभं राहून धातूच्या पट्ट्यांवर धातूच्या कांड्या टेकवून ठेका काढणारा वोल्फगांग फ्ल्युर आला. कांडी पट्टीला लागली की विजेचं मंडल पूर्ण होतं आणि आवाज निघतो. कातडं नाही, लाकूड नाही. पुढच्या पन्नास वर्षांत जगभर जे इलेक्ट्रॉनिक संगीत झालं त्याची एक मोठी वाट इथून फुटते. २००९ साली त्यांनी आपल्या आठ अल्बमचा संच काढला, त्यातही पहिलं स्थान 'आउटोबान'ला दिलं. आधीचे तीन त्यांनी स्वतःच मोजले नाहीत.

आता ऐक दादा, मुद्दा इथे आहे. मिनिमूग हा अमेरिकन. त्यात जर्मन मातीचं काही नव्हतं. आणि तरीही या मंडळींनी तोवर केलेल्या कामात सगळ्यात जर्मन काम हेच ठरलं, कारण त्या परक्या यंत्रात त्यांनी दोन आपल्या गोष्टी घातल्या: आपली भाषा आणि आपला रस्ता. त्या काळी इथले बहुतेक रॉक बँड इंग्रजीत गात. युद्धानंतर जर्मन शब्दांची लोकांना लाज वाटत होती, आणि 'आउटोबान' हा तर फारच अवघड शब्द. नाझींनी हे रस्ते आपलंच कर्तृत्व म्हणून मिरवले. खरं तर कोलोन-बॉन हा पहिला टप्पा १९३२ सालीच, कोनराड आडेनाउअर कोलोनचे महापौर असताना, खुला झाला होता. माझा सहकारी म्हणाला, त्याचे वडील हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणत. आणि चार तरुणांनी तोच शब्द घेतला आणि त्यात रविवारची सहल बसवली. अमेरिकेत गाणं कापून लहान करून वाजलं, अल्बम तिथल्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला, आणि शब्द जर्मनच राहिले. भाच्या, तुझ्यासाठी हे वाक्य पुन्हा वाचून बघ. जगात जायला त्यांनी भाषा सोडली नाही.

आणि दादा, तुझ्यासाठी पेटी. तू लहानपणापासून अभंगाच्या साथीला पेटी वाजवतोस, आणि छान वाजवतोस. हार्मोनियमचं पेटंट १८४२ सालचं, पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँचं. १९४० साली आकाशवाणीने याच पेटीवर बंदी घातली, कारण तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, तिचे सूर आपले नाहीत, ती परकी आहे. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्यावेळी ज्यांनी आरडाओरडा केला त्यांची कारणं तुझ्या कारणांपेक्षा जास्त पक्की होती, श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांची होती. तरी पेटी राहिली. नाट्यसंगीतात पायपेटी आणि ऑर्गन इतके मुरले की आज त्यांच्याशिवाय नांदी सुनी वाटते. ज्या वाद्यावर तुझी बोटं साठ वर्षं फिरली, ते तुला बाहेरचं वाटत नाही, सिंथेसायझर वाटतो. यात सुराचा संबंध किती आणि सवयीचा किती, हे तू मला एकदा सांग.

मी त्या गायकाची क्लिप चार वेळा ऐकली. ती मला आवडली नाही. पण माझं कारण वेगळं आहे. त्याने यंत्राला काही कामच दिलं नव्हतं. मागे धुकं सोडतात तसा सूर सोडला होता, जाहिरातीत असतो तसा. तो सूर इंद्रायणीकाठचाही नव्हता आणि सांगलीच्या कुठल्या रस्त्यावरचाही नव्हता. 'आउटोबान'मध्ये गाडीचे टायर, बाजूने सुसाट गेलेली दुसरी गाडी, लागलेला रेडिओ, हे सगळं यंत्रातूनच आलंय आणि ते ओळखू येतं. आमच्याकडे एसटीचा घाट चढतानाचा आवाज आहे, पहाटे मोटेऐवजी आलेल्या मोटरपंपाचा आवाज आहे, ऊस कारखान्याचा भोंगा आहे. हे कुणी यंत्रात घालून, त्यावर मराठीत गायलं तर मी तिकीट काढून सांगलीला येईन.

भाचा म्हणाला, आपण तर हे आधीच केलंय, चरणजितसिंग. खरं आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने १९८२ साली मुंबईत रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडून दहा रागांची तबकडी केली. आज जग ती ऐकून थक्क होतं. पण ती धूळ झटकून पुन्हा काढली ती २०१० साली हॉलंडमधल्या एका संग्राहकाने. अठ्ठावीस वर्षं ती आपल्याकडे कुणी विचारली नाही, आणि बाहेरच्याने विचारल्यावर आपण अभिमानाने फॉरवर्ड करू लागलो. इथे लोक जुनी गोष्ट जपतात, कपाटात नुसती ठेवत नाहीत. २०१३ साली इथल्या कला संग्रहालयात क्राफ्टवेर्कने आपले आठ अल्बम एकेका रात्री वाजवले. २०१७ साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत इथून निघाली तेव्हा ते एरेनहोफच्या मोकळ्या आवारात वाजवत होते आणि मी भर पावसाळी हवेत उभी होते. चाळिशी-पन्नाशीची माणसं मुलांना खांद्यावर घेऊन जर्मनमध्ये 'आउटोबान'ची तीच ओळ म्हणत होती. माझ्या शेजारची बाई रडत होती. माझेही डोळे भरले, आणि मला तेव्हा कळलं की मला रडू येतंय ते त्या गाण्याने नाही. तीन हजार माणसांनी एकत्र एक अभंग म्हटला आणि मी त्यांच्यात होते, असं माझ्या आयुष्यात शेवटचं कधी झालं ते मला आठवेना.

इथवर मी सगळं वाद जिंकण्यासाठी लिहिलं. दादाचं वाक्य मात्र वादाचं नव्हतंच, आणि ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मी मशीनवर गाते हे खरं आहे. २००७ साली येताना माझ्या बॅगेत बंगळुरूच्या बनावटीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता, शाळेच्या डब्याएवढा. आईचा तानपुरा मिरजेचा, तिच्या लग्नाआधीचा, भोपळा पंढरपूरकडचा. आई म्हणाली, घेऊन जा. मी म्हटलं, विमानात फुटेल. खरं कारण असं की मला तिकडे जाऊन नवं माणूस व्हायचं होतं आणि पाच फुटांचं लाकूड खांद्यावर घेऊन नवं होता येत नाही. मग अठरा वर्षं तो डबा. संध्याकाळी आठ ते नऊ, दहानंतर रुहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ, म्हणून कानात हेडफोन. डब्याचा सूर कधी उतरत नाही. हवा बदलली तरी नाही, मी महिनाभर हात लावला नाही तरी नाही. त्याला माझी गरज नाही, आणि हे मला पुष्कळ वर्षं सोयीचं वाटलं.

आई गेली तेव्हा दादाने विचारलं, तानपुऱ्याचं काय करायचं. मी म्हटलं, असू दे. मागच्या वर्षी गेले तेव्हा गवसणी सोडली. खर्जाची तार गंजून तुटली होती, घोडीवर तिचा तपकिरी चरा उमटला होता, आणि जवारीचे, म्हणजे सूर गुंजावा म्हणून तारांखाली घालतात ते, दोरे धूळ खाऊन तारांना चिकटले होते. मी दादाला बोलले, वाजवायला कुणाला तरी द्यायचा. तो म्हणाला, "तुझा आहे म्हणून कुणाला हात लावू दिला नाही." मी रागावून खोलीतून निघून गेले. म्हणजे मी सगळ्यांना सांगत फिरते की वाद्य परकं नसतं, त्यात आपलं काही घालावं लागतं. आणि जे माझं होतं त्यात मी काही घातलं नाही, आणि दादाने माझ्या नावावर ते बंद ठेवलं.

'आउटोबान'च्या दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा सकाळच्या फेरफटक्याचा आहे. पक्ष्यांचा किलबिलाट सिंथेसायझरने केलेला, आणि त्यात अचानक खरी बासरी येते. जिला सोडून ते निघाले होते, तीच. मी तो तुकडा या तीन आठवड्यांत फार वेळा ऐकला.

काल मी दादाला फोन केला. भांडणाचा विषय दोघांनीही काढला नाही. तो म्हणाला, तानपुरा मिरजेला नेला होता, तारा नव्या घातल्या, जवारी काढून आणली. "थांब, ऐकवतो." त्याने फोन जवळ धरला आणि छेडला. दोन सेकंद सूर आला आणि गेला; फोनला तो गोंगाट वाटला, त्याने दाबून टाकला. दादा बोलला की आवाज स्वच्छ, तारा छेडल्या की शांतता. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी त्याने रेकॉर्ड करून पाठवला, चार मिनिटांचा. मी रात्री डबा बंद ठेवून त्याच्यावर गायला बसले.

दादाने तो काळी चारमध्ये लावला आहे, मी निघाले तेव्हाच्या माझ्या पट्टीत. माझा आवाज आता काळी तीनला उतरलाय. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.