एकाकी शूटरचा पिक्चर काढायचाय? आमच्या गावाला या

तर तुम्हाला वेबसीरिज काढायची आहे. नायक सुपारी घेऊन माणसं मारतो, जगात त्याचं कुणी नाही, आणि एका अनाथ पोरीला वाचवता वाचवता त्या दगडाला पाझर फुटतो. कथा तुम्हाला आंघोळ करताना सुचली. १९९४ साली लुक बेसाँ नावाच्या फ्रेंच माणसालाही ती सुचली होती, हा योगायोग. त्याच्या 'लिऑन' या पिक्चरमधला मारेकरी दूध पितो आणि कुंडीतलं झाड जपतो, तुमचाही तेच करतो, हाही योगायोगच. त्याच्याकडं न्यूयॉर्क होतं, तुमच्याकडं बालाघाटाचा डोंगर आहे. झाली की कथा ओरिजिनल!

राहिलं लोकेशन. डोळे झाकून मराठवाडा घ्या. गावठी कट्टा, जीप आणि धुरळा दाखवला की बाकीचं प्रेक्षक समजून घेतो. गेल्या एप्रिलात असंच एक युनिट मुंबईहून अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात सहा दिवस राहून गेलं. 'स्थानिक भाषा सल्लागार' म्हणून मी त्यांच्या पायात घोटाळत होतो. त्या पुण्याईवर चार युक्तीच्या गोष्टी सांगतो.

संवादात कुणी "काय करायलास?" म्हणालं की लगेच कट म्हणा. माणूस खेड्यातला आहे हे कळायला "बे" लागतो. "अहो, बे नागपूरकडचा," असं सल्लागार म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि सावलीत बसवा.

रंग पिवळाच ठेवा. पावसाळ्यात इथं सोयाबीन हिरवंगार असतं, त्याच्याकडं बघू नका.

आता मुख्य अडचण एकटेपणाची. तुमच्या शूटरला गावात एकटं राहायचंय. राहा म्हणावं! खोली भाड्यानं घेतली त्याच संध्याकाळी ओट्यावर चौघं येऊन बसणार. "कोणाकडचे पाव्हणे?" मग गाव. मग आडनाव. आडनाव विचारून काय हुडकतात ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, पुढं चला. दुसऱ्या दिवशी शेजारची मावशी धपाटे आणि ठेचा आणून देणार, "एकलाच हाय बिचारा." तिसऱ्या दिवशी त्याला स्थळ येणार, मुलगी डीएड झालेली, मुलाला शेती किती? काळी सुटकेस घेऊन निघाला की पारावरून हाक येणार, "काय विकता हो, बियाणं का विमा?" बरं, बंदूक घेऊन माळवदावर चढला, तर तिथं एप्रिलात साड्या अंथरून कुरडया वाळत घातलेल्या. "भाऊ, जरा तिकडून जावा, पाय पडंल." नेम धरायचा कुठून? आणि ते कुंडीतलं झाड! टँकर आठ दिवसांनी येतो. त्यातलं पाणी घेऊन हा रोज पानं पुसायला लागला तर पहिली गोळी तो झाडणार नाही, हंडा घेऊन उभी असलेली बाईच झाडेल. हे सगळं मी दिग्दर्शकांना सांगितलं. ते म्हणाले, "सर, सुपर आहे, पण त्यानं लोनलीनेस मरतो." मरू द्या की मग.

दूध सल्लागाराच्या म्हशीचं वापरा. एका ग्लासाच्या दृश्याला साडेचार लिटर लागतं. पैसे 'प्रॉडक्शन बघेल'.

पोरगी निवडताना मात्र नीट बघा. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या घरातली घ्या. अशा पोरी लवकर ओरडत नाहीत. आईबाप आगाऊ घेतलेल्या उचलीच्या हिशोबात बुडालेले असतात, तुम्हाला हिशोब विचारायला येत नाहीत. आमच्या गल्लीतली नऊ वर्षांची पोरगी तुम्ही अशीच बरोब्बर हेरली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी शूटर तिला ओंजळीनं पाणी पाजतो ते दृश्य होतं. टेकवर टेक चालले होते. पाणी ओठांजवळ आलं की कट. मध्येच ती म्हणाली, "मामा, खरंच पिऊ का?" तुमचा सहायक म्हणाला, "आत्ता नको बाळा, ओठ मस्त सुकलेत." त्याच्या मागं बर्फाचा डबा उघडा होता. त्यात तुमच्या हिरोच्या बाटल्या होत्या.

आणि ते दृश्य काय होतं? लेकराला वाचवणाऱ्या माणसाचं!

ज्याचं उचललंत त्याचं सगळं तरी उचला. 'लिऑन'मधल्या पोरीचं काम करणाऱ्या नॅटली पोर्टमनच्या आईबापांनी करारात लिहून घेतलं होतं, पोरगी पडद्यावर सिगारेट किती आणि कशी ओढताना दिसेल ते. तुम्ही इथं कागद तरी दाखवलात का कुणाला? आपल्याकडं १९८६ चा बालकामगार कायदा आहे, त्याचे २०१७ चे नियम आहेत. शूटिंगला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. लेकराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. कमाईतले किमान वीस टक्के तिच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. तुम्ही तिला सकाळी सातला नेलंत, दिवे लागायच्या वेळेला आणून सोडलंत आणि हातात काय दिलंत? एक क्रीम बिस्किटाचा पुडा आणि "नंतर बघू". नंतर म्हणजे कधी? ऑगस्ट लागला. फोन उचलत नाही, मेसेजच्या खुणा निळ्या होतात.

लाज वाटत नाही? "डार्क", "रॉ", "रिअल" म्हणत फिरता. रिअल तुमच्यासमोर उन्हात उभं होतं, फ्रॉक घालून, तहानलेलं. तुम्ही त्याला पावडर लावून आणखी मळकं केलंत! आणि मीही कमी नाही. संवादाचे कागद धरून सावलीत उभा होतो. 'करायलास' बरोबर झालं की नाही एवढंच बघत होतो, पाण्याचा तांब्या घेऊन पुढं गेलो नाही.

पोरीची आई परवा दारात आली होती. पैशाचं काही बोलली नाही. दिवाळी झाली की टोळी परत कारखान्याला जाणार, तवर पिच्चर येईल का, एवढंच विचारत होती. पोरीला बघायचाय म्हणे. माझ्या दुधाचे राहू द्या. तिचे सहा दिवसांचे पैसे टोळी हलायच्या आत आणून द्या, स्वतः या. फोन नको.