घोलवडचे चिकू अन् खारा वारा

पालघर जिल्ह्यातल्या समुद्राकाठच्या घोलवडवरचा तुमचा लेख वाचला. त्यात घोलवड स्टेशनावर ‘सोयी जेमतेम’ म्हटलंय. कबूल. पण आमचं नागपूर स्टेशन १९२५ चं, सावनेरच्या दगडात बांधलेलं, देखणं, तरी तिथं खारा वारा थोडाच येतो बाप्पा! आम्ही विदर्भ एक्स्प्रेसनं दादरला उतरलो, तिथून डहाणू लोकल. ती डहाणूपर्यंत पोचली तीच २०१३ मध्ये. घोलवड त्यापुढचंच स्टेशन, पण तिथं जायला गाडी बदलावी लागते, हे लेखात यायला हवं होतं. बोर्डीचा किनारा पाहून परतताना टोपलीभर चिकू घेतले. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हेच ते. वर्धा येईस्तोवर निम्मे पिशवीतच पिकले अन् खालच्या बर्थवरच्या काकूंच्या चादरीवर रस गळला.