वापरली नाही, पण भंगार आहे!

नवी विंडोज आली की ठरलेलं वाक्य: "ती नको रे टाकूस, भंगार आहे." वापरलीत का? "नाही, पण सगळेच म्हणतात." डोकं फिरतं माझं!

विंडोज व्हिस्टाचं हेच झालं. 2007 साली आली तेव्हा तक्रारी खऱ्या होत्या. जुने प्रिंटर चालेनात, 512 एमबी रॅमवर ती रांगायची, आणि साधं काही इन्स्टॉल करायचं तरी स्क्रीन काळवंडून परवानगी मागायची. पुढे ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) सुधारले, सर्व्हिस पॅक म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा आला, पण नाव गेलं ते गेलंच. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाला नाकं मुरडणाऱ्यांनाच बोलावून 'मोहावी' नावाची नवी सिस्टिम म्हणून व्हिस्टाच दाखवली, तर लोकांना आवडली! (जाहिरातच होती ती, मान्य.) आणि ज्या विंडोज 7 ला सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, तिचा पाया व्हिस्टाचाच. आतला आवृत्ती क्रमांक बघा: व्हिस्टा 6.0, सेव्हन 6.1.

आता तेच विंडोज 11 चं. टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) हवीच या अटीपायी धडधाकट मशीन बाद केली, याचा मलाही संताप आहे. त्यावर भांडा ना! पण मामांच्या लॅपटॉपवर 11 व्यवस्थित चालेल, मी स्वतः तपासलंय. तरी "दुकानदार नको म्हणाला." 14 ऑक्टोबर 2025 ला त्यांच्या विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, पुढच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीही केलेली नाही, आणि त्याच लॅपटॉपवर मामांचं नेट बँकिंग चालू आहे.