कागद, गोंद आणि आपला आकाशकंदील

दिवाळी तोंडावर आली की महाराष्ट्रात आकाशकंदिलावरून दोन वाद हमखास रंगतात: देशी की चिनी, आणि कागदी की प्लास्टिकचा. राज्यात 2018मध्ये प्लास्टिकबंदी आली तरी दुसरा वाद काही मिटलेला नाही. त्यात कुणीतरी 'जपान्यांकडून शिका' असं म्हणतंच.

शिकायचंच तर क्युशू बेटावरच्या यामागा गावाकडून शिकावं. तिथलं कंदिलांचं संग्रहालय 1925मध्ये बांधलेल्या बँकेच्या इमारतीत आहे. यामागाच्या कंदिलाचा नियम कडक आहे: हातकागद आणि थोडासा गोंद, बस्स. लाकूड नाही, खिळा नाही, तारही नाही. कागदाचीच देवळं, किल्ले, पक्ष्यांचे पिंजरे. खांब आतून पोकळ, अगदी खिडकीच्या जाळीची काडीसुद्धा.

खरी मेख सांध्यात आहे. आपण कंदील करताना बोटभर पट्टी दुमडतो आणि तिला खळ फासतो. तिथे दुमड नसतेच. कागदाच्या जाडीवर गोंद लावून कडेला कड भिडवायची. कापताना पातं जरा कललं की कड तिरकी होते आणि सांध्यात फट राहते. गोंद जास्त झाला तर बाहेर येऊन डाग पडतो. मापंही मूळ वास्तूची जशीच्या तशी लहान करत नाहीत, डोळ्यांना बरं दिसेल तशी बदलतात. हात बसायला 10 वर्षं सहज जातात.

मग हे टिकलं कसं? ग्राहकाला लाजवून नव्हे. ऑगस्टच्या उत्सवात डोक्यावर सोनेरी कंदील घेऊन सुमारे हजार बायका नाचतात. एकेक कंदील 200 ग्रॅमच्या आत. मोठे कंदील ओमिया देवळात अर्पण होतात. मागणी ठरलेली, तारीख ठरलेली. बाकी जपान काही कागदावर चालत नाही. इझाकायांच्या, म्हणजे तिथल्या छोट्या मद्यालयांच्या, दारातले लाल कंदील सर्रास विनाइलचे असतात, कारण दारातल्या कंदिलाला पावसात भिजावं लागतं. यामागाचा कारागीर त्यांच्याशी भावात स्पर्धा करायला जातच नाही.

आपला कागदी कंदील मात्र उघड्या गॅलरीत, परतीच्या पावसात, भावाच्या लढाईत उभा असतो, आणि हरला की दोष गिऱ्हाइकाच्या देशप्रेमाला. मला हे अन्यायाचं वाटतं. सोसायट्यांनी आणि मंडळांनी श्रावणातच आगाऊ पैसे देऊन मागणी नोंदवावी. ऐन वेळी बांधलेल्या ओल्या कामट्या वाळताना आकसतात, सुताच्या गाठी सैल पडतात आणि षटकोन लंगडा होतो. दुमड अरुंद ठेवली तर दिवा लागल्यावर काळे पट्टे दिसत नाहीत. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातला तर झुरळं कागद कुरतडत नाहीत, पण मग ती खळ मुलांच्या हाती देऊ नये. आणि बल्ब एलईडीच लावावा; जुन्या 60 वॉटच्या बल्बने कागद करपायचा.