साठ पानी प्लॅन

आजपासून मी केलेला प्रोजेक्ट प्लॅन टीमकडे जाण्याआधी अकाउंट्समधले काका बघणार आहेत. सरांचा आदेश. प्रोजेक्टमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे काका स्वतःच सांगत असतात. तरीही.

प्लॅन मी तीन आठवड्यांपूर्वीच शेअर केला होता. आधी मूळ फाइल पाठवली, तर अकरापैकी नऊ जणांकडे ते सॉफ्टवेअरच नाही. मग पीडीएफ पाठवली, ती मोबाइलवर "बारीक दिसते गं." मग लिंक. लिंकवर अकरा अंगठे आले आणि मी निर्धास्त झाले. पूर्वी ज्याला वाचता येत नसे तो अंगठा उमटवायचा, आता ज्याने वाचलेलं नाही तो उमटवतो. काल मीटिंगमध्ये सर म्हणाले, "स्क्रीनवर काही समजत नाही. प्रिंट काढून भिंतीला लाव."

प्लॅन 'एका पानावर बसव' म्हटलं की बसतो, पण अक्षरांच्या मुंग्या होतात. ए-थ्री घ्यावा तर तो म्हणजे शेजारी ठेवलेले दोन ए-फोर, त्याने असा काय फरक पडणार? शेवटी वैतागून नेहमीच्याच मापात प्रिंट दिली. प्रिव्ह्यूच्या तळाशी पानांचा आकडा असतो. तो मी बघितला नाही. बघायला हवा होता, मान्य.

प्रिंटरपाशी काका आधीच उभे. त्यांचा रजेचा अर्ज, पान एक, रांगेत माझ्या मागे अडकलेला. वाट बघताना हाताला काम हवं म्हणून ते माझी पानं ट्रेमधून उचलून वाचायला लागले.

"हे काय, नुसत्या रेघा?"

"रेघा नाहीत काका, कामं आहेत."

"कोणाची?"

"नावं पहिल्या पानावर आहेत."

"मग या पानाला कसं कळायचं?"

मी हसले. हसण्यासारखं नव्हतं, प्रश्न बरोबर होता.

"आणि हा हिरा?"

"तो टप्पा. माइलस्टोन. त्याला शून्य दिवस लागतात."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला. "शून्य दिवसांच्या कामाला हिरा? आणि जो महिनाभर राबतो त्याला रेघ?" थोडं थांबून म्हणाले, "बरोबर आहे. ऑफिसच आहे हे."

पानं येतच होती. एकविसावं, तिसावं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायला लागल्या. आता येणाऱ्या बहुतेक पानांवर कामच नव्हतं. फक्त तळाशी ती चिन्हांची सूची: ही रेघ म्हणजे काम, हा हिरा म्हणजे टप्पा. कोऱ्या पानावर, न चुकता, प्रत्येक वेळी. बंद करता येते ती. आता माहीत झालंय.

या तक्त्याला गँट चार्ट म्हणतात. हेन्री गँट हा अमेरिकन इंजिनिअर, त्याने 1910 च्या दशकात तो लोकप्रिय केला. पण त्याच्या आधी, 1896 मध्ये, कारोल अदामिएत्स्की नावाच्या पोलिश इंजिनिअरने जवळपास असाच तक्ता केला होता. त्याने लिहिलं पोलिश आणि रशियन भाषेत, इंग्रजी जगाला ते वाचता आलं नाही, नाव गँटचं झालं. म्हणजे शेअर करूनही कोणी न वाचण्याचं दुःख या तक्त्याच्या जन्मापासूनचं आहे. अदामिएत्स्कीला निदान भाषेची सबब तरी होती. मी मराठीतच बोलते, तेही रोज, याच अकरा जणांशी.

मान वर केली तर काका जमिनीवर. पॅसेजमध्ये गुडघे टेकून पानं जुळवत होते, जिगसॉ लावावा तशी. आडवी दहा, उभी सहा. साठ पानं! सोळा ए-फोर मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे पावणेचार चौरस मीटर प्लॅन पसरला होता आणि येणारे जाणारे त्याच्या कडेकडेने, पाय जपत चालले होते. त्यात टीममधलेही तिघं होते. त्यांनी तेव्हाही वाचला नाही.

"इकडे ये," काका म्हणाले. "बाकी सगळ्यांचं काम चौथ्या पानापर्यंत आटपलंय. ही एकटीच बाई पुढे चाललीय. कोण आहे ही?"

मी वाकून बघितलं. युजर ट्रेनिंग. दोन दिवसांचं. संपण्याच्या तारखेत 2026 च्या जागी 2027 टाइप झालेलं. खरं प्रोजेक्ट चोवीस पानांत, सहा पानांवर ही एकच रेघ, आणि तीस पानं कोरी, सूचीसकट. तीन आठवडे, अकरा अंगठे, आणि चूक सापडली ती रजेच्या अर्जाची वाट बघणाऱ्या माणसाला. (आणि हो, मलाही सापडली नव्हती. पण माझा अंगठा नव्हता.)

नेमके तेव्हाच सर आले. सगळं ऐकून घेतलं आणि कौतुकाने म्हणाले, "बघ, काकांच्या बरोबर लक्षात आलं." बघ! तारीख तपासायला माणूस हवा असेल तर नेमा ना. टीममध्ये अकरा आहेत.

तेवढ्यात प्रिंटरने लाल दिवा लावला. कागद संपला होता. काकांचा अर्ज अजून आतच. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मग त्यांनी तीस कोऱ्या पानांतलं एक निवडून उचललं, ट्रेमध्ये पालथं घातलं आणि अर्ज काढला. सही करता करता म्हणाले, "माझी रजा टाक त्या प्लॅनमध्ये. रेघ नको, हिरा टाक. शून्य दिवसांची रजा साहेब नाकारणार कशी?"

संध्याकाळी दुरुस्त केलेली चोवीस पानं चिकटपट्टीने भिंतीला लावली. एक कोपरा रात्रीतच सुटला.

आज सकाळी टीमच्या ग्रुपवर मेसेज होता: "भिंतीवरचं लांबून दिसत नाही. लिंक परत टाकतेस का?" त्याखाली चार अंगठे.