‘हू’ आणि ‘विच’पुढे ‘शुड हॅव’ चालत नाही, म्हणे

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक तक्ता फिरतो आहे. ‘हू, विच, दॅट यांच्यापुढे भूतकाळ आला की साधा भूतकाळच वापरा’ असा त्याचा मथळा आहे आणि खाली चार विधाने आहेत. रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य, हे नामाचे विशेषण असल्यामुळे त्यात घडलेलीच गोष्ट सांगता येते, म्हणून तिथे ‘शुड हॅव’सारखी रूपे बसत नाहीत, हे पहिले. ‘मस्ट हॅव’ म्हणजे ‘करायलाच हवे होते’, हे दुसरे. ‘वुड हॅव’ला ‘इफ’ची सोबत लागतेच, हे तिसरे, आणि ‘हू’ एकवचनी असेल तर ‘हॅव’चे ‘हॅज’ करावे, हे चौथे. तक्ता दिसायला सुबक आहे, पण त्यातले एकही विधान टिकत नाही.

पहिल्या विधानाचा परिणाम मी एका अर्जात पाहिला. एका परिचितांच्या निवृत्तिवेतनाची थकबाकी मार्चमध्ये खात्यात यायची होती, ती आली नाही, म्हणून त्यांनी बँकेच्या नावे इंग्रजीत तक्रार लिहिली. ‘द अमाउंट विच शुड हॅव बीन क्रेडिटेड इन मार्च’ असे त्यांनी लिहिले होते आणि ते अगदी बरोबर होते. पुतण्याने तक्ता पाहून त्याचे ‘विच वॉज क्रेडिटेड इन मार्च’ केले. जी रक्कम मार्चमध्ये जमा व्हायला हवी होती, ती या दुरुस्तीने मार्चमध्ये जमा झालेली रक्कम ठरली आणि तक्रारअर्जाची पोचपावती झाली. अर्ज जाण्याआधी जुने वाक्य परत बसवले, हे सुदैव.

रिलेटिव्ह क्लॉज नामाविषयी माहिती देतो, म्हणून त्याला विशेषणवाक्य म्हणतात हे खरे. पण ते त्याचे बाहेरचे काम झाले. आतून ते पूर्ण वाक्यच असते, त्याला स्वतःचे क्रियापद असते, आणि सुट्या विधानात जे क्रियापद चालते ते त्यातही चालते. ‘द अमाउंट शुड हॅव बीन क्रेडिटेड’ हे सुटे वाक्य शुद्ध असेल, तर ‘द अमाउंट’च्या जागी ‘विच’ ठेवल्याने ते अशुद्ध कसे होईल? मला वाटते, तक्ता करणाऱ्याच्या मनात मराठीतले ‘आलेले पत्र’ असावे. हे धातुसाधित विशेषण खरोखरच घडलेल्या गोष्टीपुरतेच चालते. परंतु न घडलेली गोष्ट सांगायची वेळ येते तेव्हा मराठी माणूसही ते बाजूला ठेवून ‘सोमवारी यायला हवे होते ते पत्र गुरुवारी आले’ असेच म्हणतो. (मराठीच्या सवयीने होणारी खरी चूक वेगळीच आहे: ‘द गेस्ट्स हूम वी शुड हॅव इनव्हायटेड देम’. ‘हूम’ आल्यावर त्या ‘देम’ला जागा उरत नाही. तक्त्यात तिचा उल्लेख नाही.)

दुसऱ्या विधानामागे आपला ‘पाहिजे’ आहे. ‘ज्याने दार उघडे टाकले असले पाहिजे’ हा तर्क आहे आणि ‘ज्याने दार बंद करायला पाहिजे होते’ हे कर्तव्य. शब्द एकच असला तरी मागच्या क्रियापदाचे रूप बदलले की आपल्याला अर्थ बिनचूक कळतो. शाळेच्या व्याकरणातही विध्यर्थाखाली कर्तव्य आणि तर्क हे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी शिकवलेले असतात. इंग्रजीने भूतकाळात ही कामे वाटून दिली आहेत. ‘हू मस्ट हॅव लेफ्ट द डोअर ओपन’ म्हणजे ज्याने दार उघडे टाकले असणार तो. राहून गेलेल्या कर्तव्यासाठी ‘शुड हॅव’ आहे आणि भाग पडले म्हणून केलेल्या कामासाठी ‘हॅड टू’. ‘द वॉचमन हू मस्ट हॅव लॉक्ड द गेट’ असे लिहून पहारेकऱ्याला दोष द्यायला गेलात, तर वाचणारा समजेल की फाटक बहुधा त्यानेच लावले होते.

‘कुड हॅव’चे तक्त्यात नावही नाही, पहिल्या विधानातल्या ‘शुड हॅव’सारख्या रूपांतच ते निकालात निघते, पण जपून वापरायला हवे ते तेच. ‘द क्लार्क हू कुड हॅव टेकन द की’ याचे दोन अर्थ होतात: किल्ली घेणे शक्य असूनही जिने ती घेतली नाही अशी व्यक्ती, किंवा जिने ती कदाचित घेतली असेल अशी व्यक्ती. चौकशीच्या अहवालात हा फरक एखाद्याच्या नोकरीवर येऊ शकतो. संशयच सांगायचा असेल तर ‘मे हॅव’ लिहावे. नकारात तर अंतर आणखी वाढते: ‘हू कुडन्ट हॅव टेकन इट’ म्हणजे घेणे शक्यच नव्हते, आणि ‘हू माइट नॉट हॅव टेकन इट’ म्हणजे कदाचित घेतली नसेल. पहिल्याने कारकून सुटतो, दुसऱ्याने सुटत नाही.

तिसऱ्या विधानाचे मूळ एका खऱ्या नियमात आहे. शिष्ट लेखनात ‘इफ’च्या उपवाक्यात ‘वुड हॅव’ टाळतात. ‘इफ ही वुड हॅव लिव्ह्ड’ऐवजी ‘इफ ही हॅड लिव्ह्ड’ लिहितात. हा नियम ‘इफ’च्या उपवाक्यापुरताच आहे. ‘वुड हॅव’जवळ ‘इफ’ असलेच पाहिजे असे त्यातून निघत नाही, कारण अट अध्याहृत राहू शकते. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडले. जूनमध्ये नानासाहेब वारले आणि पेशवाईची वस्त्रे 16 वर्षांच्या माधवरावांना मिळाली. हे इंग्रजीत लिहिताना विश्वासरावांसाठी ‘हू वुड हॅव बिकम पेशवा’ लागते, आणि ‘जगते तर’ ही अट न लिहिताही कळते. माधवरावांसाठी, गोष्ट पानिपताच्या क्षणी उभे राहून सांगत असाल तर, ‘हू वुड बिकम पेशवा’ लागते. मधल्या एका ‘हॅव’वर पेशवे झाले की होता होता राहिले, हे ठरते. मराठीत हेच काम ‘जे पुढे पेशवे झाले असते’ आणि ‘जे पुढे पेशवे होणार होते’ असे होते. तक्त्याप्रमाणे दोघांनाही ‘हू बिकेम पेशवा’ लावले, तर विश्वासरावांना न मिळालेली गादी व्याकरणाच्या जोरावर मिळते.

चौथ्या विधानाला फार जागा नको. शुड, कुड, मस्ट, वुड यांच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूपच येते, कर्ता कोणीही असो. म्हणून ‘हू हॅज गॉन’ बरोबर आणि ‘हू मस्ट हॅज गॉन’ चूक. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही घाईत ‘शुड ऑफ’ लिहितात, कारण बोलताना ‘शुड हॅव’चा उच्चार ‘शुडव्ह’ असा आखूड होतो आणि त्यांना तसेच ऐकू येते. तेही चूकच आहे. ‘मस्ट हॅज’ला मात्र उच्चाराचे तेवढेही निमित्त नाही.